जुन्या मोटारीचा कल आणि पोलादी गज

वळणावर मोटार बाहेरच्या अंगास कलते, हें मागच्या बैठकीवर बसलेल्या लहान मुलासहि ठाऊक असतें. कारण त्या वेळीं त्याचें सारें अंग शेजारच्या आजोबांवर जाऊन पडतें. नव्या मोटारींत हा कल इतका थोडा असतो कीं, तो आहे याचाच आपणांस विसर पडतो. परंतु पन्नास-साठ वर्षांपूर्वींची गाडी ज्यांच्या घरीं अजून चालती आहे, त्यांस तो रोजचाच. अशा घरांत, विशेषतः तरुण मंडळींच्या मनांत, कधीं ना कधीं एक विचार येतोच, कीं गाडीखालचा कल रोखणारा पोलादी गज काढून त्या जागीं चांगला जाड गज घालावा. गज विकत मिळतो, काम एका दिवसाचें असतें, आणि पहिल्याच वळणावर गाडी निराळी वाटूं लागते. इतक्या थोड्या श्रमांत इतका उघड फरक दिसणारी दुसरी सुधारणा जुन्या गाडींत क्वचितच सांपडेल. म्हणूनच तिजविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें. हा गज बेतानें निवडला तर गाडी शहाण्यासारखी वागते. अविचारानें निवडला तर ती कोरड्या रस्त्यावर शहाणी दिसते आणि पावसांत दगा देते.

प्रथम हा गज म्हणजे काय तें पाहूं. इंग्रजींत त्यास अँटी-रोल बार किंवा स्वे बार म्हणतात. आपल्याकडील मिस्त्री लोक स्टॅबिलायझर म्हणतात. इंग्रजी यू अक्षरासारखा वांकविलेला स्प्रिंगच्या पोलादाचा हा एक गज असतो. त्याचा मधला लांब भाग गाडीच्या सांगाड्यास दोन ठिकाणीं रबरी बुशांत धरलेला असतो आणि दोन्ही टोकें लहान दांड्यांनीं डाव्या व उजव्या चाकाच्या भुजेस जोडलेलीं असतात. दोन्ही चाकें एकदम वर उचललीं गेलीं, तर गज आपल्या रबरांत नुसता फिरतो; त्याचें काम पडत नाहीं. परंतु एक चाक वर आणि दुसरें खालीं अशी स्थिति आली, म्हणजे ओलें धोतर दोन टोकांस धरून पिळावें तसा गजास पीळ बसतो. पोलादास पीळ आवडत नाहीं; तो सरळ होऊं पाहतो, आणि त्या धडपडींत वर गेलेल्या चाकास खालीं व खालीं गेलेल्यास वर ओढतो. गाडी कलते तेव्हां नेमकी हीच स्थिति असते, म्हणून कल कमी होतो. ब्रेक दाबल्यावर गाडीचें नाक खालीं जातें, त्यावर मात्र या गजाचा कांहीं इलाज नाहीं, कारण तेथें दोन्ही चाकें बरोबरीनें हलतात.

येथवर सारें सरळ आहे. यापुढची गोष्ट जरा सूक्ष्म आहे, आणि बहुतेकांची फसगत होते ती येथेंच. गाडी वळतांना तिचा कांहीं भार आंतल्या चाकांवरून निघून बाहेरच्या चाकांवर जातो. तो किती जावा हें गाडीचें वजन, तिच्या भारकेंद्राची उंची, डाव्या-उजव्या चाकांतील अंतर, वळणाचा बांक आणि वेग यांवरून ठरतें. गज जाड केल्यानें ही एकूण रक्कम फारशी बदलत नाहीं. गाडी कमी कललेली दिसते, पण बाहेरच्या चाकांवर भार पूर्वींइतकाच पडलेला असतो. मग गज करतो काय? तो त्या भाराची वांटणी ठरवितो. पुढच्या जोडीनें किती सोसावा आणि मागच्या जोडीनें किती, हें त्याच्या हातीं असतें. ज्या बाजूचा गज जाड, त्या बाजूच्या जोडींत आंतलें चाक अधिक हलकें आणि बाहेरचें अधिक जड होतें.

आतां टायरचा स्वभाव असा आहे कीं, त्यावरचा भार दुप्पट केला म्हणून त्याची रस्त्यावरील पकड दुप्पट होत नाहीं. ती वाढते, पण भाराच्या मानानें कमी. त्यामुळें दोन टायरांवर सारखा भार असतां त्यांची मिळून जी पकड असते, ती एकावर थोडा व दुसऱ्यावर फार असा भार पडल्यावर राहत नाहीं. एकत्र कुटुंबांत दोन कर्त्या भावांनीं सारखा भार उचलला तर जें घर सुखानें चालतें, तेंच सारें एकट्या थोरल्यावर टाकलें म्हणजे कसें रडत चालतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. थोडक्यांत, पुढचा गज जाड केला कीं पुढच्या चाकांची पकड आधीं सुटते. मागचा जाड केला कीं मागच्यांची.

या दोहोंत कोणता अपराध कमी? पुढची पकड आधीं सुटली, तर गाडी हवी तितकी वळत नाहीं. तिचें नाक बाहेर बाहेर जाऊं लागतें. चालविणारा घाबरून अॅक्सिलरेटरवरील पाय उचलतो. तसें करतांच वेग कमी होतो, गाडीचा भार पुढें येतो, पुढच्या टायरांस पुन्हा पकड लाभते आणि नाक हळूहळू आंत येतें. घाबरलेल्या माणसाची स्वाभाविक हालचालच येथें त्याला तारते. उलट मागची पकड आधीं सुटली, तर गाडीची शेपटी बाहेर फेंकली जाते. तोच माणूस तसाच घाबरून तसाच पाय उचलतो. भार मागून निघून पुढें जातो, मागचीं चाकें आणखी हलकीं होतात आणि शेपटी आणखी फिरते. शर्यतींत मुरलेला चालक अशा वेळीं स्टिअरिंग उलट फिरवून गाडी सांवरतो; किंबहुना कांहीं चालकांस गाडी अशीच आवडते. परंतु घरची गाडी उद्यां पुतण्या चालविणार, परवां सून चालविणार. ती अशा कौशल्याच्या भरंवशावर ठेवणें आम्हांस मान्य नाहीं.

नुसत्या तत्त्वांपेक्षां एका खऱ्या गाडीचा इतिहास अधिक शिकवून जातो. इंग्लंडांत ऑक्सफर्डजवळ अॅबिंग्डन येथें एम्. जी. मोटारींचा कारखाना होता. तेथें १९६२ सालीं एम्. जी. बी. ही दोन माणसांची उघडी गाडी निघाली आणि १९८० पर्यंत पांच लाखांहून अधिक संख्येनें बनली. आज जुन्या गाड्यांच्या शोकिनांत ती अतिशय लोकप्रिय आहे. तिची रचना साधी आहे. पुढें गुंडाळीच्या स्प्रिंगा व वरखालीं दोन भुजा. मागें अखंड आंस आणि त्याखालीं पाट्यांच्या कमानी. आरंभीं उघड्या गाडींत पुढचा गज हा मागणीप्रमाणें मिळणारा जादा भाग होता. १९६५ सालीं तिची बंद छपराची जी. टी. आवृत्ति निघाली, तींत तो मूळचाच बसवून येऊं लागला, आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस उघड्या गाडींतहि आला. त्याची जाडी ९/१६ इंच, म्हणजे सुमारें १४ मिलिमीटर, करंगळीएवढी. मागें गज मुळींच नव्हता. त्या गाडीची वळणावरची जी कीर्ति झाली, ती या करंगळीएवढ्या गजावर.

पुढें १९७४ च्या उत्तरार्धांत अमेरिकेच्या नव्या नियमांमुळें गाडीस रबरानें मढविलेले जड बंपर बसवावे लागले, आणि दिव्यांची उंची नियमांत बसावी म्हणून सारी गाडीच इंच-दीड इंच वर उचलण्यांत आली. भारकेंद्र वर गेलें म्हणजे वळणावर अधिक भार बाहेर जाणार, हें उघड होतें. गजाची गरज सर्वांत जास्त होती ती याच वेळीं. आणि नेमका याच वेळीं, १९७५ च्या नमुन्यांत, पैसे वांचविण्यासाठीं तो काढून टाकण्यांत आला. ज्यांस हवा त्यांनीं वेगळे पैसे देऊन घ्यावा, असें ठरलें. परिणाम व्हावयाचा तोच झाला. गाडी इतकी डोलूं लागली कीं जुन्या गाडीचे चाहते कष्टी झाले. अखेर १९७७ च्या नमुन्यापासून कारखान्यानें पुढचा गज परत आणला, तोहि पूर्वींपेक्षां जाड, आणि त्याच्या जोडीला मागेंहि गज घातला. या इतिहासांतील एक बारकावा ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. मागचा गज कारखान्यानें एकटा घातला नाहीं. पुढचा वाढवून मगच घातला, आणि तोहि उंच केलेल्या गाडींत. आज दुकानांतून जुन्या ठेंगण्या गाडीसाठींहि मागच्या गजाचे संच विकले जातात आणि हौशी माणसें पुढच्या गजास हात न लावतां ते बसवितात, हें आम्हांस केवळ साहस वाटतें.

आतां जाडीचें गणित. गजाचा पिळास होणारा विरोध त्याच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणें वाढतो. हें वाक्य शाळेंतल्या पुस्तकांत वाचून सोडून देण्यासारखें वाटेल, पण खिशांतले पैसे खर्चण्यापूर्वीं तें आंकडे घालून पाहावें. एम्. जी. बी. साठीं ५/८, पाऊण आणि ७/८ इंच जाडीचे गज मिळतात. मूळच्या ९/१६ वरून ५/८ वर जाणें म्हणजे इंचाचा सोळावा भाग वाढविणें; नुसत्या डोळ्यांनीं हा फरक धड दिसतहि नाहीं. तरी गजाचा ताठपणा दीडपट होतो. पाऊण इंची गज मूळच्याच्या तिप्पटीहून थोडा अधिक ताठ असतो. आणि ७/८ इंची गज? तो जवळ जवळ सहापट ताठ! दुकानदाराच्या फळीवर हे तीन गज शेजारीं शेजारीं ठेवलेले पाहिले तर भावाभावांसारखे दिसतात, म्हणून माणूस सहज म्हणतो, घेतोंच आहों तर सर्वांत जाड घेऊं. कल रोखण्याच्या कामीं स्प्रिंगांचाहि वांटा असतो, म्हणून गज सहापट झाला तरी सारी गाडी सहापट ताठ होत नाहीं, हें खरें. परंतु पुढच्या-मागच्या जोडींतील मूळचा मेळ पार बदलून जावा इतकें हें पुष्कळ झालें.

कांहीं गजांच्या टोकांस दोन-तीन भोंकें असतात. जोडदांडी आंतल्या भोंकांत घातली कीं भुजा आंखूड होते आणि गज अधिक ताठ वागतो. ही सोय आम्हांस आवडते, कारण तींत चुकलेला बेत परत फिरवितां येतो. पोकळ गजहि मिळतात. त्यांविषयीं उगाच शंका घेऊं नये. गजाच्या गाभ्यास पीळ फारसा लागतच नाहीं. बाहेरच्या जाडीच्या निम्म्या रुंदीचें भोंक आरपार ठेवलें तर वजन चवथाईनें घटतें, पण ताठपणा सोळांत एकच भाग कमी होतो.

जाड गजाचे तोटे शर्यतीच्या मैदानावर दिसत नाहींत, कारण तेथें रस्ता तक्तपोशीसारखा सपाट असतो. आपला रस्ता निराळा. येथें डावें चाक खड्ड्यांत जातें तेव्हां उजवें डांबरावर असतें. उजवें गतिरोधकाच्या तुटलेल्या कडेवर चढतें तेव्हां डावें मातींत असतें. अशा वेळीं गज दोन्ही चाकांस एकमेकांशीं बांधून टाकतो. प्रत्येक चाकानें आपापला धक्का गिळावा अशी जी पुढच्या चाकांची मूळ योजना, तीच जाड गज बव्हंशीं मोडून काढतो. एका बाजूचा धक्का दुसऱ्या बाजूस जातो आणि आंत बसलेल्यांच्या माना डावीकडून उजवीकडे हिसकल्या जातात. पाठीच्या दुखण्याचें एखादें वडील माणूस गाडींत बसत असेल, तर त्यांस हा फरक चालविणाऱ्याच्या आधीं कळतो. शिवाय गज जितका ताठ तितका त्याचा जोर त्यास धरणाऱ्या पट्ट्यांवर, बोल्टांवर आणि पन्नास वर्षें गंज खाल्लेल्या पत्र्यावर येतो. पूर्वींच्या नाजूक गजासाठीं केलेली जागा सहापट जोर किती दिवस सोसणार, याचा विचार विकत घेतांनाच करावयास हवा. मागच्या गजाचा आणखी एक दुर्गुण आहे. तो फार ताठ असला तर घट्ट वळणांत आंतलें मागचें चाक जवळ जवळ हवेंत उचललें जातें; आणि मागच्या चाकांनीं चालणाऱ्या साध्या गाडींत इंजिनाचा सारा जोर त्या रिकाम्या चाकांतून भणभणून वायां जातो.

मग करावें काय? आमच्या मतें गजास हात लावण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, टायर. वरून खांचा चांगल्या दिसतात म्हणून पुष्कळ जुन्या गाड्या दहा-बारा वर्षांच्या वाळलेल्या टायरांवर फिरत असतात. कारण त्या चालतातच थोड्या. वाळलेल्या रबरास पकड नसते, आणि गज कितीहि उत्तम असला तरी रस्त्यास शेवटीं धरतो तो टायर. दुसरी, शॉक अॅब्सॉर्बर. एम्. जी. बी. चे जुन्या तऱ्हेचे असतात. त्यांतील तेल गळून गेलें तर गाडी हेलकावे खात राहते, आणि त्या हेलकाव्यांसच मालक कल समजतो. तिसरी आणि सर्वांत स्वस्त गोष्ट म्हणजे गजाचे रबरी बुश. रबर झिजून सैल झालेलें असलें, म्हणजे गाडी बरीच कलून जाईपर्यंत गजास पीळच बसत नाहीं. असलेला गज नसल्यासारखा होतो. नवे बुश, नव्या जोडदांड्या आणि गज आडवा सरकूं नये म्हणून त्यावर असणाऱ्या लहान कड्या एवढें बदलूनच पुष्कळांस अपेक्षेहून अधिक फरक पडल्याचें आढळेल, आणि तेथेंच थांबावें असें वाटेल. थांबावयास हरकत नाहीं.

ज्यांस पुढें जावयाचें असेल त्यांनीं पुढचा गज एकच पायरी वाढवावा. ठेंगण्या एम्. जी. बी. स नित्याच्या रस्त्यासाठीं ५/८ इंच पुरेसा आहे. ज्यांचा प्रवास चांगल्या महामार्गांवरच आणि जरा उत्साहानें होतो, त्यांनीं पाऊण इंचापर्यंत जावें. ७/८ इंची गज शर्यतवाल्यांस लखलाभ असो. १९७५ च्या गजहीन गाडीचा मालक मात्र सर्वांत भाग्यवान. त्यानें पुढचा गज बसविणें ही हौस नसून राहून गेलेलें काम पुरें करणें आहे. मागचा गज, पुढचा बसवून पावसाळ्यासह निदान कांहीं महिने गाडी चालविल्यावांचून, कोणींहि बसवूं नये.

रबराऐवजीं पॉलियुरेथेनचे कडक बुश मिळतात. गजाच्या पकडींत ते ठीक आहेत, पण त्यांस सोबत मिळणारें विशिष्ट ग्रीस लावावें. तें विसरलें तर प्रत्येक गतिरोधकावर गाडी उंदरासारखी चीं चीं करते. बसवितांना चाक लोंबकळत ठेवून एका बाजूची जोडदांडी ओढून ताणून लावूं नये. एक चाक खालीं व एक वर असतां गज आधींच पिळलेला असतो. तो निसटून हातावर बसला तर बोटें जातील, आणि तसाच आवळला तर गाडी एका अंगास कायमची ताणलेली राहील. दोन्ही चाकें सारखीं उचलून भक्कम घोड्यांवर गाडी ठेवावी, गज सैल बसवावा, आणि शेवटचें आवळणें गाडी सपाट जमिनीवर स्वतःच्या भारानें उभी असतां करावें. नंतर स्टिअरिंग दोन्ही बाजूंस अखेरपर्यंत फिरवून टायर किंवा ब्रेकची रबरी नळी गजास घासत नाहीं ना, हें खालीं वांकून पाहावें. हें पाहण्याचा कंटाळा करणारे मिस्त्री थोडे नाहींत, म्हणून मालकानें स्वतः पाहावें.

आपल्याकडे एम्. जी. बी. विरळा. परंतु मुंबईंत कुर्ल्यास प्रीमियरच्या कारखान्यांत बनलेली फिआट, जी पुढें पद्मिनी झाली, ती अजून अनेक घरांतून मायेनें राखलेली आहे. तिचीहि मूळ रचना याच जातीची आहे. पुढें गुंडाळीच्या स्प्रिंगा, मागें अखंड आंस आणि पाटे. म्हणून वरील तत्त्वें तिलाहि लागू पडतात. इंचांचे आंकडे मात्र तिला लावूं नयेत. तिचा मूळ गज मापून, त्याचा चौथा घात काढून, मगच काय तें ठरवावें. दुसरी गोष्ट कायद्याची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होतील असे फेरफार गाडींत करण्यावर निर्बंध घालतें. आणि २०२१ च्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद करावयाची तर ती मूळ स्वरूपांत राखलेली असावी लागते. सांगाड्यांत, सांट्यांत वा इंजिनांत मोठा फेरफार झालेला चालत नाहीं. तेव्हां गजासाठीं पत्रा कापणें वा नवें भोंक पाडणें टाळावें, आणि काम काढण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारून घ्यावें.

नवा गज बसल्यावर पहिले कांहीं दिवस गाडी एकट्यानें चालवावी. मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर ओळखीचें एखादें वळण घेऊन नाक बाहेर जातें कीं शेपटी हलकी वाटते, याकडे लक्ष द्यावें. पहिला पाऊस पडला कीं तेंच वळण अर्ध्या वेगानें पुन्हा घेऊन पाहावें. शंभर-दीडशें किलोमीटर झाल्यावर पट्ट्यांचे सर्व बोल्ट पुन्हा एकदां आवळावे, कारण नवें रबर दबून ते हमखास सैल होतात. काढलेला मूळ गज भंगारांत देऊं नये. त्यास तेल लावून, जुन्या धोतरांत गुंडाळून, चिठ्ठी बांधून माळ्यावर ठेवावा.